मांडवझरीचं अडलेलं गाणं

धुरपताबाई गाणं करायच्या आधी माणसाच्या हातांकडे बघायची, तोंडाकडे नंतर.

तांड्यात लग्न निघालं की ती नवरीच्या घरी जाऊन बसायची, चहा प्यायची, आणि नवरीला जवळ ओढून विचारायची, "सांग वो पोरी, तुह्या हातानं आजवर काय काय केलं?" पोरगी लाजून खाली बघायची. मग आतून कुणीतरी सांगायचं, हिनं आडवं आलेलं बकरीचं पिल्लू ओढून वाचवलं, हिनं आंधळ्या आजीला दोन वर्षं न्हाऊ घातलं. धुरपताबाईला तेवढंच हवं असायचं. दुसऱ्या दिवशी गाणं तयार व्हायचं, आणि त्या गाण्यात ते पिल्लू बें बें करत असायचं. ऐकणाऱ्या बाया म्हणायच्या, हो, हीच आपली पोरगी, दुसऱ्या कुणाला हे गाणं लागायचं नाही.

मांडवझरी घाटंजी तालुक्यात आहे. मधोमध गाव, गावाखाली उताराला बौद्धांची वस्ती, आणि वर टेकावर बंजाऱ्यांचा तांडा. तिघांची मिळून एकच ग्रामपंचायत. यंदा सरपंचपद बाईसाठी होतं, मग ती कुठल्याही समाजाची असो. आणि तांड्याची मतं ज्या बाजूला पडतात ती बाजू निवडून येते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

धुरपताबाईचा नवरा बाबूसिंग तांड्याचा नायक, म्हणून ती नायकण. तांड्याचे मोठे निर्णय नसाबीत होतात. लिंबाखाली पंच बसतात, बोलतात, आणि शेवटी नायक जो शब्द देतो तो सगळ्यांचा शब्द होतो. बुधवारी नसाब बसायची होती. शुक्रवार हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. पण पुरुषांनी आपसात आधीच ठरवून टाकलं होतं, नायकाची सून ममता उभी राहील. शिकलेली आहे, बोलते चांगली, घर नायकाचं. आणखी काय पाहिजे?

"याडी, गानं पाह्यजे," रविवारी सकाळी लखन म्हणाला. लखन तिचा मुलगा, ममताचा नवरा. याडी म्हणजे आई, आणि नायकणीला सगळा तांडाच याडी म्हणायचा. त्याचा मालवाहू आटो होता. "आटोवर भोंगा लावतो. शुक्रवारी अर्ज भरला का शनिवारपासून वाजवत निंघतो."

"होते," धुरपताबाई म्हणाली. "पहिले नवरीले तं विचारू दे."

ममता अंगणात भाकरी थापत होती. सासू समोर येऊन बसली तशी तिला कळलं, आता हातांची झडती होणार. तिनं पीठ झटकलं, कोनाड्यातली वही आणली.

"मी तीन मुद्दे काढले, याडी. एक, ग्रामसभा खरोखरची भरली पाह्यजे, नुसती कागदावर नाही. दोन, बायांची सभा आधी, पुरुषांची मंग. तीन, पंचायतीचा एक एक कागद भिंतीवर लागला पाह्यजे. ज्याले वाचाचा त्यानं वाचाव."

धुरपताबाई ऐकत राहिली आणि तिचं मन भरून आलं. लग्नानंतर या पोरीला घाटंजीच्या कॉलेजात घातलं तेव्हा तांडा हसला होता. तीन वर्षं धुरपताबाई रोज सकाळी तिच्यासोबत फाट्यापर्यंत चालत गेली होती, एसटी येईपर्यंत थांबली होती, आणि एसटी वळणाआड गेली की एकटीच टेक चढून परत आली होती. ती चाल आज या वहीत उतरलेली दिसत होती.

"लय चांगलं हाय," ती म्हणाली. "पन हे सारं उद्याचं झालं. आता कालचं सांग."

"कालचं काय सांगू?" ममतानं तव्यावरची भाकर उलटली. "काल मले कोनी काही करू देल्लं का?"

लखननं लगेच कालचं काढून दिलं. "नळाचं टाक ना, याडी! तांड्यात पानी आलं का नाही? कोनी आनलं हे कोन विचारते!"

"तसं नका टाकू," ममता म्हणाली. पण भाकर करपत होती, ती तव्याकडे वळली, आणि तिचं बोलणं धुरात राहिलं.

ओळ मात्र धुरपताबाईच्या मनात तोवर येऊन बसली होती. फार सहज आली. इतक्या सहज आलेल्या ओळीकडे तिनं एरवी दहादा उलटून पाहिलं असतं. यावेळी पाहिलं नाही. सून आपली, गाणं आपलं, तांडा आपला.

सोमवारी तांड्याच्या बाया हिरासिंगच्या वावरात कापूस वेचत होत्या. दुपारी ओट्या सोडल्या, धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत फडकी उघडली. जेवणं झाल्यावर धुरपताबाईनं घसा साफ केला. तिच्या गाण्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती. ती ओळ टाकायची आणि बायांनी ओळीचं शेपूट उचलून धरायचं. त्याला झील म्हणतात. झील धरणाऱ्या नसल्या तर गाणारीचा आवाज दोन शेतांपलीकडे जात नाही, आणि असल्या तर गावात जातो.

तिनं नावाची ओळ टाकली, बायांनी झील धरली. वहीतल्या मुद्द्यांची ओळ टाकली.

*बायांची सभा आधी, मंग बसतीन बाप्पे,*
*बोल माह्या ममतेचे, सुपातले सोपे*

"सुपातले सोपे!" बाया हसत हसत गायल्या. कुणी टाळी धरली. मग नळाची ओळ आली.

*कोनं उतरली बाई, घागर डोक्यावरली?*
*ममताबाईनं उतरली, घागर डोक्यावरली*

आणि झील आली नाही.

धुरपताबाईला वाटलं, ओळ नवी आहे, ध्यानात आली नसेल. तिनं ती पुन्हा टाकली. एक बाई उठून कळशीतून पाणी घ्यायला गेली. दुसरीनं फडकं झटकलं. भागीरथा नेहमी सगळ्यांत वरच्या पट्टीत झील धरायची. तिच्या तोंडात घास नव्हता, तरी ती गप्प होती.

"काय झालं वो? घसे बसले का तुमचे?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी भागीरथा म्हणाली, "याडी, तुमची सून गुनाची हाय. तुमी म्हनसान तं मत बी तिलेच देऊ. पन घागर कोनी उतरली, हे माह्या मानेले माहीत हाय."

"कोनी?"

"तुमाले नाही माहीत? वस्तीतल्या मथुराबाईनं."

पुढची वेचणी धुरपताबाईनं मान वर न करता केली. एरवी तिच्या पातीतून, वाट्याच्या ओळीतून, बोंडं आपोआप ओटीत आल्यासारखी यायची, आज दोन-चार मागं राहत होती. मथुराबाई. दहा वर्षं पंचायतीची मेंबर. एकेकाळी दोघी एकाच टोळीत वेचायला जायच्या. मथुराची पात नेहमी आधी सरायची, आणि ती तशीच वळून मागं राहिलेलीच्या पातीत शिरायची. पुढं पोरं मोठी झाली, टोळ्या वेगळ्या झाल्या. तांड्याच्या नळांना पाणी आलं तेव्हा धुरपताबाईनं नारळ वाहिला, नवऱ्याला पेढा दिला. पाणी कुणाच्या हातून आलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. हात बघणारी बाई म्हणून तालुक्यात तिचं नाव, आणि हा एक हात तिनं बघितलाच नव्हता.

दिवस कलताना ती तांडा ओलांडून सरळ खाली वस्तीत गेली.

मथुराबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. धुरपताबाईला पाहून तिनं सूप थोडं सरकवलं, बसायला जागा केली.

"आली का नायकीन! नसाबीनं पाठवलं वाटते."

"मले कोन पाठवते? मीच पाठवते लोकाइले."

"ते बी खरं हाय." दोघी हसल्या. धुरपताबाईनं मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलू लागली.

"तू उभी राहून राह्यली म्हनतेत."

"लोक म्हनतेत. आमचा पोरगा रवी तं बॅनर छापाले निंघाला होता. म्या म्हटलं, थांब बाबू, चेहरा तं धुऊ दे."

"मंग तुह्या हातानं केलेलं सांग."

मथुराबाई थांबली. ही रीत तिलाही माहीत होती. "तू तं सुनेचं गानं करून राह्यली ना? मंग माह्या हातात काय पाहतं?"

"पाहू दे."

मथुराबाईनं सुपातले दाणे एकदा पाखडले. मग म्हणाली, "केलेलं तं साऱ्याइले दिसते. चुकलेलं सांगू का?"

धुरपताबाईनं मान वर केली. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

"टाकी झाली त्या साली पानी सोडाची पाळी म्या ठरवली. मेंबर होती, सरपंच म्हने तूच पाहा. म्या वस्तीच्या नळाचा वाल पहिले ठेवला. माह्या घरासमोर नळ धो धो आला. मी खुश. वस्ती खुश. मले वाटलं, काम फत्ते. अन् चैतात कोनीतरी सांगतलं का तांड्यात दीड महिन्यापासून थेंब नाही. टेकावर चढाले पानी उरतच नोतं."

धुरपताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तो चैत्र तिच्या अंगात होता. नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरणं, आणि डोक्यावर घागर घेऊन टेक चढणं. ममता तेव्हा नवी नवरी होती, तिच्या पायाला काटा लागून पू झाला होता.

"तो चैत तुहा होता?"

"माहाच. तव्हा तू कोनाले शिव्या देल्ल्या?"

"सरपंचाले."

"हां. त्या माह्या हक्काच्या होत्या. दुसऱ्याले गेल्या."

धुरपताबाईला हसावं की रागवावं कळेना. मथुराबाईचा आवाज आता खाली आला.

"आमच्या बापजाद्याइले पानोठ्यावर पाय ठेवू देत नोते. हे मी लहानपनापासून विहारात ऐकत आली. समता म्हंजे काय, मले झोपेत विचार, सांगतो. अन् वाल फिरवताना इसरली पाहा. माह्या घरी पानी आलं, तं मले वाटलं गावाले आलं. जे पाठ होतं, ते हातात याले दोन उन्हाळे लागले."

"मंग?"

"मंग काय, ठराव केला. टोकाचं घर पहिलं. सकाळी टाकी भरली का पहिला वाल तांड्याचा, मंग गावाचा, अन् आखरीले आमचा. वस्तीतल्या बायाइनं चार महिने मले हाक मारली नाही. विहारात माह्या बाजूची जागा खाली राहे. म्या म्हटलं, राहू द्या खाली. बुद्धाजवळ गर्दी कमी."

खाली रस्त्यानं कुणाच्या तरी म्हशी गेल्या. धुरपताबाईनं विचारलं, "अजून काही चुकलं?"

"लय. दिव्याचे खांब. साहेबानं कागदावर बोट ठेवलं, म्या तिथं सही ठेवली. वाचलं नाही. तेरा लिवले होते, उभे नऊच राह्यले."

"तुले वाचता येते ना?"

"येते. हळू येते. अन् समोरच्याले घाई असते."

धुरपताबाई उठली. जाताना तिनं मथुराचा हात हातात घेतला, तुरीच्या शेंगांनी बोटं हिरवी झाली होती. तिनं तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि टेक चढू लागली. चढताना तिचा पाय कुठं अडखळला नाही. मत कुणाला, हे तिचं ठरलं होतं. अडखळत होतं ते एकच, की हे ममताला कसं सांगायचं.

तिनं ते घुमवून सांगितलं नाही. घरी आली, हातपाय धुतले, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "ममता, सरपंचाचं गानं मी तुहं नाही करू शकत. मथुराचं करीन."

ममतानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्हंजे मी लायक नाही."

"लायक हायस. तुहा विचार सोन्यासारखा हाय. पन त्या विचारापायी तुले अजून कोनी शिव्या देल्ल्या नाही, माय. तिनं खाल्ल्या. घरच्याइच्याच खाल्ल्या, अन् वाल मागं नाही फिरवला."

"अन् ती सही?" ममतानं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "खांबाच्या कागदावरची? गावाले माहीत हाय ते. त्याले अनुभव म्हनाव का?"

"तिनं सोताहून सांगतलं मले."

"सांगतलं म्हनून चार खांब उभे राह्यले का?"

हा घाव खरा होता, आणि खऱ्या घावावर धुरपताबाईला फुंकर घालता येईना. आतून लखन ओरडला, "याडी, घर फोडतं का तू आता?" तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घर मी बांधलं हाय. किती ओझं सोसन, मले माहीत हाय."

बुधवारी लिंबाखाली नसाब बसली. बाया रिवाजाप्रमाणे घरांच्या सावलीला उभ्या होत्या. हिरासिंग तांड्याचा कारभारी, नायकाच्या उजव्या हाताला बसणारा. त्यानं बोलणं सुरू होताच संपवायला घेतलं. "नायकाच्या घरचं नाव हाय. यात बोलाचं काय राह्यलं? शब्द देऊन टाका, चहा मांडा."

"मले बोलाचं हाय," धुरपताबाई म्हणाली आणि सावलीतून उन्हात आली.

बाबूसिंगनं फेटा सारखा केला. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई नसाबीत कधी बोलली नव्हती. ती रोज घरीच बोलायची, आणि तेच तो दुसऱ्या दिवशी नसाबीत बोलायचा. आज ती स्वतः आली होती, म्हणजे गोष्ट आपल्या तोंडून येण्यासारखी नाही, हे त्याला कळलं.

"बोल," तो म्हणाला.

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. सोमवारी झील का आली नाही, तो चैत्र कुणाचा होता, आणि नंतरचा ठराव कुणाचा. हिरासिंग मध्येच उसळला. "तांड्याचं मत वस्तीले? आपल्यातली शिकलेली पोरगी सोडून? लोक तोंडात शेन घालतीन!"

"हिरासिंग, तुह्या घरी नळ किती वाजता येते?"

"साडेसहाले."

"अन् वस्तीत?"

हिरासिंगला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. घरांच्या सावलीतून भागीरथाचा आवाज आला, "नऊले येते, भाऊ. कधी येत बी नाही. मी तिकडं निंदाले जातो ना, मले माहीत हाय."

"नऊले," धुरपताबाई म्हणाली. "ते त्याइच्याच बाईनं लिवून ठेवलं हाय. तुह्या घरच्या साडेसहासाठी. आता कोनाचं शेन कोनाच्या तोंडात, ते तूच पाहा."

पुरुष जमिनीवर काड्यांनी रेघा ओढू लागले. लखन खाली बघत होता. बाबूसिंगनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सुनेपाशी आणून थांबवली.

"नसाबीनं अजून शब्द देल्ला नाही. जिचं नाव हाय ते तं बोलू द्या."

ममता पुढं आली. तिच्या हातात वही नव्हती.

"याडी म्हनते म्हनून मी मागं हटनार नाही," ती म्हणाली. "अन् तुमी म्हनता म्हनून पुढंही जानार नाही. मी आत्ता खाली जातो, मथुराबाईले माह्या तोंडानं विचारतो. मले पटलं तं सांगीन. तवरोक शब्द देऊ नका."

"अन् नाही पटलं तं?" हिरासिंगनं विचारलं.

"तं याडीले गाव सोडून दुसऱ्या झीलवाल्या आनाव्या लागतीन. मी इथल्या साऱ्या फोडीन."

बाया खळखळून हसल्या. धुरपताबाईही हसली, पदर तोंडाशी धरून. ही पोरगी हरली तरी वाकणार नाही, आणि जिंकली तरी.

टेकाच्या कडेवर उभं राहिलं की वस्तीतला ओटा दिसतो. धुरपताबाईनं वाळवणाला मिरच्या काढल्या आणि उगाचच कडेवर आणून पसरल्या. खाली दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक काळं. मथुराबाई एकदा उठून उभी राहिली, हातवारे करत होती. मग ममता उठली, निघालीच, चार पावलं गेली आणि परत आली. एकदा कुणाचा तरी चढा आवाज वाऱ्यावर आला, पण शब्द आले नाहीत. मिरच्यांवर ऊन सरकत गेलं. नंतर रवी चहा घेऊन बाहेर येताना दिसला, तेव्हा धुरपताबाईनं मिरच्या दुसऱ्यांदा उलटल्या, ज्याची त्यांना काही गरज नव्हती.

ममता वर आली तेव्हा लिंबाची सावली पायाशी आली होती. पंच अजून बसले होते. कुणी जेवायला उठलं नव्हतं.

"मले लय रागावलं त्या बाईनं," ममता धापा टाकत म्हणाली.

"काहून?" लखन उठून उभा राहिला.

"म्या इचारलं, पुढच्या येळी साहेब कागदावर बोट ठेवन, तं काय करसान? तं म्हने, तूच सांग काय करू. म्या म्हटलं, मी बाजूले बसून साऱ्याइसमोर मोठ्यानं वाचीन, अन् मंगच तुमी सही करसान. तं म्हने, बसशीन कशी? मेंबर झाल्याबिगर तुले तिथं कोन बसू देईन? शिकली सवरली, अन् एवढं नाही समजत का तुले?" ममताला बोलता बोलता हसू आलं, ते तिनं गिळलं. "म्हने, तांड्याच्या वार्डातून उभी राह्य. एकदा तुहा विचार कामाले लाव, त्याले मार खाऊ दे, मंग पाच सालानं सरपंचाचं पाहू. तव्हा मीच तुह्या घरी हात पाहाले येतो."

"अन् तुहे तीन मुद्दे?" धुरपताबाईनं विचारलं.

"बायांची सभा तिले पटली. खऱ्या ग्रामसभेसाठी म्हने मी धा साल भांडून राह्यली, तू आता आली. अन् कागद लावाले पंचायतीची भिंत नाही देल्ली तं म्हने माह्या घराची घे, रस्त्यावरच हाय."

बाबूसिंगनं विचारलं, "मंग तू काय म्हटलं?"

"हो म्हटलं." ती सासूकडे वळली. "तुमच्यासाठी नाही, याडी. खांबाचं तिनं माह्यापासून लपवलं नाही. म्या विचाराच्या आधीच सांगतलं. अन् माही चूक काढली तं ती बी तोंडावर."

"बरं," धुरपताबाई म्हणाली.

बाबूसिंग उभा राहिला. सरपंचासाठी मथुराबाई, तांड्याच्या वार्डात ममता, हा तांड्याचा शब्द, असं तो म्हणाला. हिरासिंगनं मान डोलावली नाही, पण उठूनही गेला नाही. चहा मांडा, एवढं मात्र तो म्हणाला.

शुक्रवारी लखनच्या आटोत तिघी घाटंजीला निघाल्या. मागं सतरंजी अंथरली होती. फाटा गेल्यावर लखननं आरशातून मागं बघितलं.

"याडी, दोन नावं एका गान्यात कशी बसतीन?"

"तू समोर पाहून चालव," धुरपताबाई म्हणाली. "आटोत तिघी बसल्या ना?"

तहसीलजवळच्या अर्ज भरायच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या गावांचे उमेदवार, त्यांचे भाऊ, भाचे, कागदांच्या पिशव्या. धुरपताबाईला दाराजवळच्या बाकावर जागा मिळाली. ममताचा मेंबरचा अर्ज आधी झाला. मग मथुराबाईचा निघाला. गरम गरम कागद यंत्रातून आले, दुकानवाल्यानं ते जुळवले, मथुराबाईपुढं ठेवले आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"हं, मावशी, इथं सही."

मथुराबाईनं पेन उचललं. पेनाचं टोक त्या बोटाच्या बाजूला जाऊन थांबलं. तिनं ममताकडे बघितलं.

ममतानं कागद आपल्याकडे ओढला आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं.

"अहो बाई, मागं रांग आहे," दुकानवाला म्हणाला. "तीनला बंद होते तिथं. सगळे असेच सही करतात."

"करू द्या," ममता म्हणाली आणि वाचत राहिली. नाव, वय, पत्ता, घर, शेत, कोर्टात काही आहे का, सगळं. रांगेतून कुणी च् च् केलं. कुणी म्हणालं, शाळा भरली का बे इथं. तिचा आवाज जरा कापला, मग सावरला, आणि सावरल्यावर आधीपेक्षा मोठा झाला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मथुराबाईनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली.

"हे नाही समजलं. पुन्हा वाच. हळू."

ममतानं ती ओळ पुन्हा वाचली, हळू. मथुराबाईनं ती ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. रांगेत त्यांच्या मागं एक बाई उभी होती, दुसऱ्या कुठल्या गावची, हातात आपला भरलेला अर्ज धरून. तिनं तो अर्ज एकदा उलटून बघितला, मग शेजारच्या माणसाला विचारलं, "यात काय लिवलं हाय वो माह्या?" तो माणूस म्हणाला, "तुले काय करा लागते?" ती बाई दोन पावलं पुढं सरकून ममताच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

शेवटचं पान संपलं. मथुराबाईनं मान हलवली आणि सही करायला घेतली. म काढला, थ काढून त्याला उकार दिला, र चा काना नीट लांब ओढला. एकेक अक्षर उभं राहत होतं. दुकानवाल्याचा हात कागद उचलायला पुढं आला, तो ममतानं आपल्या हातानं अडवला.

"होऊ द्या," ती म्हणाली.